नक्कल जमते, निळू फुले जमत नाहीत: एका तरुण नटाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न कऱ्हाडकडच्या एका तरुण नटाचा आहे. राज्य नाट्य स्पर्धेत कामं करून तो आता मालिकांकडे वळला आहे. चेहरा राकट, आवाज जाड, म्हणून दर वेळी सरपंच, सावकार नाहीतर आमदाराचा माणूस, एवढंच वाट्याला येतं. सगळ्यांनी सांगितलं, निळू फुलेंचे सिनेमे बघ. त्याने बघितले, नक्कलही बसवली, लोक हसतात. पण कॅमेऱ्यासमोर तसं केलं की खोटं वाटतं. तो विचारतो: एकाच साच्याच्या भूमिका आयुष्यभर करून हा माणूस एवढा मोठा कसा झाला? आणि मी ही कामं घ्यावीत की नाकारावीत?

आधी तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य खोडायला हवं. निळूभाऊंनी एकाच साच्याच्या भूमिका केल्या नाहीत. सिनेमाच्या धंद्याने त्यांना एका साच्यात बसवलं, त्यांनी त्या साच्यातून आपलं घर चालवलं, आणि त्याच काळात साच्याबाहेरची इतकी कामं करून ठेवली की त्यातल्या दोन-तीन भूमिकांवर दुसऱ्या कुणाची अख्खी कारकीर्द उभी राहिली असती. तू पाहिलेस ते तुकडे आहेत. मोबाइलवर फिरणारे, दीड-दोन मिनिटांचे, तिरकी नजर आणि घोगरा आवाज असलेले. ‘बाई, वाड्यावर या’ ही ओळ तर त्यांच्या नावाला अशी चिकटली आहे की नव्या मुलांना ते त्या ओळीपलीकडे ठाऊकच नसतात. मिमिक्रीवाल्यांनी त्यांचा घोगरेपणा उचलला आणि संयम टाकून दिला. तू त्या नकलेची नक्कल करतो आहेस. कॅमेऱ्यासमोर ती खोटी वाटते, यात आश्चर्य काय?

हा संयम आला कुठून, ते समजायला त्यांचं आयुष्य थोडं माहीत हवं.

नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म 1930 चा, पुण्याचा. घरची परिस्थिती अशी की वडील लोखंडाचं सामान आणि भाजी विकून संसार ओढत. निळूभाऊ तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. अभिनयाचं शिक्षण कुठल्या संस्थेत घेतलं नाही. घेतलं ते राष्ट्र सेवा दलात, आणि ते शिक्षण फार वेगळ्या जातीचं होतं. सेवा दलाचं कलापथक लोकांना काहीतरी सांगण्यासाठी गावोगाव फिरायचं. जातीबद्दल, अंधश्रद्धेबद्दल, पुढाऱ्यांबद्दल. तिथे नट आधी कार्यकर्ता असायचा. आपलं म्हणणं समोरच्या माणसापर्यंत पोहोचलं की नाही, हीच त्याची परीक्षा. आपण किती छान दिसलो, हा प्रश्न तिथे कुणाच्या मनातच येत नसे. मला वाटतं, निळूभाऊंच्या अभिनयात स्वतःकडे बघणं जे कुठेही सापडत नाही, त्याचं मूळ या कलापथकात आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यात त्यांनी रोंगेची भूमिका केली आणि लोकांच्या लक्षात राहिले. 1957 च्या निवडणुकीआधी त्यांनी स्वतः ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिलं. म्हणजे राजकारणातला माणूस कसा बोलतो, कसा वळतो, मत मागताना आणि मत मिळाल्यावर त्याच्या मानेत काय फरक पडतो, हे त्यांनी लेखक म्हणूनही टिपून ठेवलं होतं. सिनेमात पुढारी करण्याच्या कितीतरी आधी.

मग शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’. हे लोकनाट्य तुफान चाललं. इथे थोडं थांबतो, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वगातच, म्हणजे तमाशातल्या नाट्यातच आहे.

वगात नेपथ्य नसतं. राजाच्या अंगावर फार तर एक बरा अंगरखा असतो, सिंहासन म्हणजे खुर्ची, तीही नसली तरी चालतं. मग राजा राजा कशाने होतो? प्रधान आणि हवालदार त्याच्याशी ज्या तऱ्हेने वागतात त्याने. हवालदार दचकला की राजा मोठा होतो. हवालदाराने पाठ फिरवून लोकांकडे बघून डोळा मारला की राजा लहान होतो. सत्ता ही एकट्या माणसाच्या छातीत नसते, दोन माणसांच्या मधल्या जागेत असते, हे वगातला नट रोज रात्री अंगाने शिकतो. पुस्तकात वाचून नाही. शिवाय समोर हजारभर लोक, त्यात अर्धे दिवसभर राबून आलेले. आजच्या गावाला कुठला टोला लागतो आणि कुठला हवेत जातो, हे त्यांच्या श्वासावरून ओळखून वाक्य मागे-पुढे करायचं. संहिता पाया असते, बाकीची भिंत त्या रात्री उभी राहते. अशा प्रयोगांतून तयार झालेल्या नटाचा कान असा काही धारदार होतो की समोरचा नट बोलत असताना तो खरोखरच ऐकत असतो. आपल्या वाक्याची पाळी येण्याची वाट बघत नसतो. निळूभाऊंच्या कुठल्याही सिनेमात ते बोलत नसतानाचे शॉट बघ. मी काय म्हणतो ते तिथे दिसेल.

अनंत मान्यांनी 1968 साली ‘एक गाव बारा भानगडी’त त्यांना झेलेअण्णा दिला आणि सिनेमाचं दार उघडलं. त्यानंतरचा काळ ग्रामीण मराठी सिनेमाचा. पाटील, तमाशा, वाडा, निवडणूक, सोसायटी. त्यात निळूभाऊ हवेच असायचे. बायका त्यांना पडद्यावर बघून शिव्या द्यायच्या, प्रत्यक्षात दिसले तरी रागाने बघायच्या, हे त्या काळच्या माणसांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की त्यात अतिशयोक्ती फारशी नसावी. या सगळ्या सिनेमांबद्दल मी फार लिहीत नाही. त्यांत चांगले आहेत, घाईत उरकलेलेही आहेत. मात्र घाईतल्या सिनेमातही त्यांचं काम घाईचं नसतं, एवढं नक्की.

1972 साली मात्र अशी गोष्ट घडली जी तुला नीट कळायला हवी. विजय तेंडुलकरांचं नाटक ‘सखाराम बाईंडर’. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपाच्या भूमिकेत लालन सारंग, आणि सखारामच्या भूमिकेत निळू फुले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, पुस्तकबांधणीचं काम करणारा, जातीने ब्राह्मण, तोंडाने शिवराळ, पण आपण काय आहोत हे लपवायची गरज न वाटणारा माणूस. सेन्सॉरने प्रयोग अडवले, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. हा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. नट म्हणून मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती निवड. तेंडुलकरांचा शब्द पांढरपेशा रंगभूमीवरच्या मुरलेल्या नटांनी बोलायचा, असा रिवाज होता. सारंगांनी तो वगातून आलेल्या माणसाच्या तोंडी दिला. सुरुवातीलाच सखाराम लक्ष्मीला घरात आणतो आणि या घरात काय चालतं, काय चालत नाही ते सांगत सुटतो. ते लांबलचक बोलणं संहितेत वाच, मोठ्याने वाच. त्यात सापळा आहे. नटाला मोह होतो तो राक्षस उभा करायचा, डोळे गरागरा फिरवायचे. पण सखारामच्या मते तो अत्यंत रास्त बोलतो आहे. भाड्याची खोली दाखवणारा मालक अटी सांगतो तितक्या सरळपणे. बोलणारा निवांत असला की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि तोच सखाराम पुढे खचतो, मृदंगावरचा हात अडखळतो, बायकांपुढे त्याची मिजास उतरते. पहिल्या प्रवेशात राक्षस केलास तर ही उतरण करायला तुझ्याकडे जागाच उरत नाही.

इथून ‘सामना’कडे जा. 1975 चा सिनेमा, दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा तेंडुलकरांची, निर्माते रामदास फुटाणे. बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. साखर कारखान्याच्या परिसरावर सत्ता असलेला हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळूभाऊ, आणि कुठून तरी आलेला दारुडा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. पाटील मास्तराला उचलून घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आणि मास्तर एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळेचं काय झालं?

हा सिनेमा किमान दोनदा बघ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. लागूंचं सगळं शरीर हलतं: झोक जातो, हात उठतात, मान लटकते. विलक्षण काम आहे ते. निळूभाऊ जवळपास हलत नाहीत. पांढरं धोतर, सदरा, टोपी, आणि बसण्यात असा निवांतपणा की जागा आपल्या बापाची आहे हे सांगावं लागू नये. घाई गरजवंताला असते, हिंदुरावाला कशाची गरज? चार माणसं त्याच्या भुवईकडे बघत उभी असतात, वगातल्या हवालदारासारखी. आता पुढे बघ. तो प्रश्न गावभर होऊ लागतो तसतसा हा निवांतपणा कुठे कुठे उसवतो ते शोध. फार बारीक आहे. डोळा एक क्षण उशिरा वळतो. हसू येतं पण गालापाशी थांबतं. वाक्याचा शेवट पूर्वी खाली पडायचा, तो किंचित वर राहतो. माणूस आतून पोखरत चालला आहे आणि त्याला स्वतःलाही ते नीट कळलेलं नाही, हे एवढ्याशा ऐवजावर दाखवलं आहे. तू सरपंच करताना पहिल्याच दृश्यात आवाज चढवतोस ना? मग शेवटच्या दृश्यासाठी काय शिल्लक ठेवतोस?

आणखी एक. हिंदुरावाला मास्तर आवडतो. खरोखर आवडतो. हे निळूभाऊंनी जपलं नसतं तर तो सिनेमा गुन्हेगार पकडण्याची गोष्ट झाला असता. वाईट माणसाला कुणाबद्दल तरी ओढ असते, आणि ती ओढच त्याला अडचणीत आणते. तुझ्या सावकाराला काय आवडतं? पटकथेत लिहिलेलं नसेल तर तू ठरव. म्हैस, नातू, जुनं गाणं, काहीही. ते सांगायचं नाही, फक्त बाळगायचं.

‘सामना’ संपला की लगेच ‘सिंहासन’ लाव. 1979, पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकरांची पटकथा, मूळ अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्या. चारच वर्षांचं अंतर. ज्याने हिंदुराव केला त्याला इथे पत्रकार दिगू टिपणीस दिला आहे. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू, कामगार पुढारी सतीश दुभाषी. सगळे जोरकस, सगळे सत्तेच्या मागे. आणि दिगू हा त्यांच्यामधून फिरणारा, ऐकणारा, टिपणारा माणूस. त्याच्या हातात काहीच नाही. तोच चेहरा, तोच घोगरा आवाज. मिशीचा किंवा पेहरावाचा फरक सोड, तो कुणीही करतं. बदललं आहे ते खोलीतलं स्थान. हिंदुराव बसला की बाकीचे त्याच्याकडे वळतात. दिगू आत आला की कुणी वळत नाही. तो आपलं शरीर थोडं आक्रसून दाराजवळ, कडेला, दोन मंत्र्यांच्या संभाषणाच्या परिघावर उभं करतो. आणि त्याचं ऐकणं! त्या सिनेमात सगळ्यांत जास्त काही घडत असेल तर ते दिगूच्या ऐकण्यात. शेवटी त्याचं ते वेड्यासारखं हसणं बाहेर येतं तेव्हा आपल्याला धक्का बसतो, कारण तोवर या माणसाने काही बाहेर येऊच दिलेलं नसतं.

म्हणून म्हणतो, हे दोन सिनेमे पाठोपाठ बघितल्याशिवाय निळू फुल्यांबद्दल मत बनवू नये. ते चेहरे बदलणारे नट नव्हते. माणूस समाजाच्या कुठल्या पायरीवर उभा आहे आणि वर-खाली कुणाकडे बघतो आहे, हे ते ओळखायचे. बाग राखणाऱ्या माळ्याकडे साहेब कसा बघतो, किंवा बघतच नाही, हे त्यांनी नोकरीत अनुभवलं होतं. कलापथकातून फिरताना गावचा पुढारी पाहुण्यांशी कसा वागतो आणि गड्याशी कसा, हे पाहिलं होतं. पाटील करताना त्यांनी पाटलाचा अनुभव वापरला नाही, तो त्यांच्याकडे नव्हताच. पाटलापुढे उभं राहिलेल्या माणसाचा अनुभव वापरला. पाटलाच्या बारीकसारीक सवयी सर्वांत चांगल्या त्यालाच ठाऊक असतात, कारण त्याचा दिवस त्यांच्यावर अवलंबून असतो.

रंगभूमीवर त्यांनी जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये काय केलं तेही ऐक. जुना गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक, ज्याचा मुलगाच मुख्यमंत्री झाला आहे आणि ज्याला आपल्या मुलाच्या राज्यात आपली स्वप्नं सडताना दिसतात. ज्या प्रेक्षकांनी सिनेमागृहात त्यांना शिव्या घातल्या होत्या तेच नाट्यगृहात या म्हाताऱ्यासाठी डोळे पुसत. हे काम ते करू शकले कारण दोन्ही बाजू त्यांना आतून माहीत होत्या. पोखरलेली सत्ताही आणि सेवा दलातली साधी, हट्टी माणसंही.

हिंदीबद्दल थोडक्यात. ‘कुली’, ‘मशाल’, ‘वो सात दिन’ अशी कामं झाली, पण तुझ्या उपयोगाचा आहे तो महेश भट्टांचा 1984 चा ‘सारांश’. त्यातला गजानन चित्रे हा पुढारी पुन्हा सत्तावानच, पण वाड्यातला नव्हे, मुंबईतला. भाषा परकी, लांबी मोजकी, समोर अनुपम खेर आणि रोहिणी हट्टंगडी. तिथे त्यांनी गावाकडचा पाटील आयात केला नाही, हे ध्यानात घे. त्यांना बोलावलं होतं ते त्याच छापासाठी, आणि त्यांनी छाप तेवढा ठेवून माणूस नवा केला.

आता कामं नाकारण्याचा प्रश्न. ती नाकारू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. राकट चेहरा ही तुझी पहिली ओळख आहे आणि या धंद्यात ओळख नसलेल्या नटाला कुणी फोन करत नाही. पण एक शर्त आहे. त्या कामांच्या बरोबरीने, तुझ्या जबाबदारीवर, दुसरं काहीतरी चालू ठेवायला हवं, ज्यात पैसा नसेल पण तुझी दुसरी बाजू वापरात राहील. निळूभाऊंकडे शंभराहून जास्त सिनेमे होते, तरी नाटक त्यांनी सोडलं नाही आणि चळवळही सोडली नाही. डॉ. लागू, निळूभाऊ आणि बरोबरीची मंडळी यांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग मानधन न घेता केले आणि तो पैसा सामाजिक कृतज्ञता निधीत घातला, पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मिळावं म्हणून. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते नरेंद्र दाभोलकरांच्या बाजूने उभे राहिले. मी हे त्यांचा मोठेपणा गाण्यासाठी सांगत नाही, जरी तो गावा असाच आहे. नटाच्या दृष्टीने यात रोकडा फायदा आहे. कार्यकर्ते, हमाल, शिक्षक, गावचे तरुण यांच्यात उठबस असलेल्या नटाकडे माणसांचा साठा कधी संपत नाही. मेकअप रूम, सेट आणि गाडी एवढ्यातच राहणारा नट काही वर्षांत दुसऱ्या नटांचीच नक्कल करू लागतो. 1991 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात ते कर्करोगाने गेले. त्या दोन तारखांच्या मध्येही माणसांत वावरणं सुटलं नव्हतं.

आवाजाबद्दल तू वेगळं विचारलेलं नाहीस, तरी सांगतो, कारण नक्कल करताना तू घसा आवळतोस याची मला जवळजवळ खात्री आहे. तो घोगरेपणा त्यांचा स्वतःचा होता, तुझा नाही. घसा आवळून बोलण्याने पट्टी जाते आणि दौऱ्यावर चौथ्या-पाचव्या प्रयोगाला आवाज बसतो. त्यांच्याकडून घ्यायची ती वाक्यफेक. ते वाक्यातला महत्त्वाचा शब्द जोराने मारत नाहीत. त्याच्या आधी किंचित थांबतात आणि मग तो शब्द हलक्या हाताने सोडतात. टाळी शब्दाला नाही, त्या थांब्याला येते. हे वगाचंच देणं आहे. तुझ्या स्वतःच्या आवाजात हे जमेल.

पुढच्या तालमीला एवढं करून बघ. तुझ्या सरपंचाचा एक प्रवेश घे. पहिल्यांदा तो असा कर की तुझं एकही वाक्य बोलायचं नाही, समोरच्या नटाने त्याची वाक्यं बोलायची आणि तू फक्त ऐकायचं. दुसऱ्यांदा भूमिका उलट करा, तू गडी हो आणि तो सरपंच. गडी म्हणून उभा असताना तुझी नजर सरपंचाच्या कुठल्या हालचालीवर खिळते ते लक्षात ठेव: पाय, पानाचा डबा, बोटातली अंगठी, काहीही असेल. तिसऱ्यांदा पुन्हा सरपंच हो आणि नेमकी तीच हालचाल कर, बाकी सगळ्या काढून टाक. मग संवाद घाल, आवाज साध्या बोलण्याच्या पट्टीत ठेवून. दिग्दर्शक म्हणेल, जरा जोर कमी पडतोय. त्याला म्हणावं, एकदा कॅमेऱ्यातून बघा.